उसाच्या अल्कोहोलवर धावणारी शर्यतीची मोटार



या सदरात एरवी मी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या खेपेला मोटारीविषयी लिहितो आहे. शेतकी खात्याच्या माणसाने मोटारीत नाक खुपसण्याचे काय कारण, असे कोणी म्हणेल. कारण आमच्याच गट ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले, म्हणून लिहितो.

गाळप ऐन भरात होते. सकाळी साडेनऊचा सुमार, बाहेर तोडणीच्या स्लिपांसाठी पंधरा-वीस मंडळी उभी होती. तेवढ्यात एक बुटकी लाल मोटार फटफट आवाज करीत आली. आपल्याच एका जुन्या सभासदाचा मुलगा. पोरगा हुशार, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. गाडी सेकंडहँड घेतलेली, पण टर्बो इंजिनाची, चांगली पळणारी. हातात वीस लिटरचा मोकळा कॅन. मला बाजूला घेऊन म्हणतो, "साहेब, डिस्टिलरीतनं एवढा कॅन भरून मिळेल का? पैसे देतो की."

मी म्हटलं, "अरे, कशाला पाहिजे?"

"गाडीत टाकायला. बाहेरच्या देशात रेसच्या गाड्या ह्याच्यावरच पळतात. ऊस आमचा, स्पिरिट आमचं, आणि आम्ही पेट्रोल का जाळायचं?"

मागे उभी असलेली मंडळी हसली. मी मात्र हसू शकलो नाही, कारण पोराचे म्हणणे अर्धे खरे होते. स्पिरिट द्यायचा प्रश्नच नव्हता. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि डिस्टिलरीतून एक लिटरही एक्साईजच्या नोंदीवाचून बाहेर जात नाही. कोणी सभासद असो की संचालक, नियम तोच. तेवढे त्याला सांगितले. कॅन तिथेच ठेवून तो रागाने निघून गेला. पण रेसच्या गाड्यांचे तो बोलला ते डोक्यात राहिले. पुढे आठ-पंधरा दिवस डिस्टिलरीचे केमिस्ट, वाहन विभागाचे फोरमन यांच्यापाशी बसून आणि थोडे वाचून जे समजले ते येथे मांडतो.

अमेरिकेत इंडियानापोलिस नावाचे शहर आहे. तिथे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पाचशे मैलांची मोटार शर्यत भरते. गाड्या ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पळतात. पूर्वी यांत पेट्रोलही चालत असे. १९६४ सालच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत मोठा अपघात झाला, पेट्रोलचा भडका उडाला आणि एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक त्यात गेले. त्यानंतर तेथील गाड्या मिथेनॉलवर आल्या. मिथेनॉलची आग पाण्याने विझते ही एक जमेची बाजू. पण त्याची ज्वाला दिवसा डोळ्यांना दिसत नाही. १९८१ साली रिक मिअर्स नावाच्या चालकाच्या गाडीत इंधन भरताना आग लागली, माणसे जळत होती आणि भोवतालच्यांना क्षणभर काय होते आहे तेच कळेना.

पुढे तिकडच्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि इथेनॉल कारखान्यांनी जोर लावला. २००६ सालच्या हंगामात मिथेनॉलमध्ये दहा टक्के इथेनॉल घातले गेले आणि २००७ पासून या मालिकेतील सगळ्या गाड्या इथेनॉलवर पळू लागल्या. ९८ टक्के इथेनॉल आणि २ टक्के पेट्रोल. हे दोन टक्के दोन कामांसाठी: ज्वाला दिसावी, आणि कोणी पिऊ नये. आपल्याकडे स्पिरिट विकृत करतात ना, तोच प्रकार. म्हणजे पिण्याची भीती सगळीकडे सारखीच.

आता नुसते टाकीतले इंधन बदलून भागले का? नाही. त्याच वर्षी इंजिन तीन लिटरचे होते ते साडेतीन लिटरचे केले. टाकी मात्र तीस गॅलनवरून बावीस गॅलनवर आणली, म्हणजे सुमारे ११३ लिटरवरून ८३ लिटरवर. मिथेनॉलपेक्षा इथेनॉलमध्ये जोम जास्त, म्हणून कमी भरले तरी तेवढेच अंतर जाते. त्या वर्षीची इंडियानापोलिसची शर्यत पावसामुळे पाचशे मैलांआधीच थांबवावी लागली, आणि दारिओ फ्रँचिट्टी हा चालक इथेनॉलवर पहिला आला.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. मक्याच्या देशातली ही शर्यत, पण २००८ च्या अखेरीस तिच्या चालकांनी ब्राझीलच्या ऊस उद्योगाशी करार केला आणि उसाचे इथेनॉल तिकडे पोचले. २०१० ते २०१३ अशी चार वर्षे या मालिकेतली एक शर्यत खुद्द साओ पाउलो शहराच्या रस्त्यांवर झाली. साओ पाउलो म्हणजे ब्राझीलचा ऊसपट्टा, आपले कोल्हापूर-सांगली-नगर म्हणा हवे तर, पण कितीतरी पटींनी मोठे. २०१२ मध्ये टर्बो इंजिने आली आणि इंधन ८५ टक्के इथेनॉलचे झाले. २०२३ पासून जे इंधन वापरात आले त्यातले इथेनॉल उसाच्या टाकाऊ भागापासून, म्हणजे बगॅससारख्या मालापासून, काढलेले आहे. शेल कंपनीने ते पुरवले. ज्या पाचटाला आपण आजही काडी लावतो त्याच जातीच्या मालावर ताशी साडेतीनशे किलोमीटरने गाडी पळते. पाचट जाळू नका, असे मी बारा वर्षे सांगतो आहे. हे उदाहरण मला आधी ठाऊक असते तर बरे झाले असते.

दुसरे उदाहरण स्वीडनचे. तिथे कोनिगसेग नावाची अतिवेगवान मोटारी बनवणारी छोटी कंपनी आहे. तिची सी.सी.एक्स. नावाची गाडी पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देत असे. २००७ साली त्यांनी तीच गाडी ८५ टक्के इथेनॉलवर चालेल अशी केली आणि ताकद झाली १०१८ अश्वशक्ती. इंजिन तेच, ४.७ लिटरचे. बदलले काय? इंधन फवारणारे इंजेक्टर, इंधनाच्या नळ्या, पिस्टनच्या रिंगा, आणि इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा दाब. दोनशेहून जास्त अश्वशक्ती वाढली. आपले ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचे असतात, म्हणजे चार ट्रॅक्टर जादा जुंपल्यासारखे झाले.

इथे कोणी विचारील की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, मग ताकद वाढते कशी? मलाही हाच घोळ होता. केमिस्टसाहेबांनी तो असा सोडवला. इंजेक्शन देण्यापूर्वी कंपाउंडर दंडाला स्पिरिट लावतो तेव्हा गार लागते ना? स्पिरिट उडताना अंगातली उष्णता ओढून घेते. इंजिनातही तसेच होते. इथेनॉलचा फवारा आत गेला की हवेतली उष्णता शोषतो, हवा गार होते, गार हवा घट्ट असते आणि जास्त भरते. दुसरे असे की, इथेनॉल दाबाखाली अवेळी पेटत नाही. पेट्रोल जास्त दाबले की अवेळी पेटून धडका देते, त्याला आपले मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. इथेनॉल हा दाब सोसते, म्हणून टर्बोचा दाब वाढवता येतो. तिसरे, एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल पुष्कळ जास्त जाळता येते. वजनामागे उष्णता कमी, पण मापच मोठे घेतलेले. बैलाला पेंड कमी आणि वैरण जास्त घातली तरी तो ओढतोच, फक्त वैरणीचा भारा मोठा लागतो.

आणि तो भारा खरोखरच मोठा लागतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश उष्णता असते. पेट्रोलवर बारा किलोमीटर देणारी गाडी निव्वळ इथेनॉलवर आठाच्या आसपास येणार. शर्यतवाल्याला मायलेजची पर्वा नसते, त्याला वेग हवा. आपल्याला बाजार-हाट, दूध डेअरी आणि दवाखाना करायचा असतो. हा फरक त्या पोराच्या ध्यानात आला नव्हता.

त्याचे काय झाले ते आता सांगतो. माझ्याकडे कॅन घेऊन येण्याआधीच त्याने एक उद्योग केलेला होता. मार्च २०२४ पासून आपल्या राज्यातल्या काही निवडक पंपांवर ई-१०० नावाने जवळपास निव्वळ इथेनॉल मिळू लागले. ते दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या खास गाड्यांसाठी असते. हा गडी सत्तर किलोमीटर लांब अशा एका पंपावर गेला आणि टाकीत पाव भाग पेट्रोल असताना वरून ते भरून आला. गाडीत काहीही बदल न करता. सपाट रस्त्यावर गाडी चालली. घाट लागला तशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी दम्याच्या पेशंटसारखी खोकू लागली. पोराला अक्कल एवढी की त्याने तिथेच गाडी थांबवली. मेकॅनिकने प्लग काढले तर पोर्सेलीन पांढरेफटक. इंजिन इंधनाअभावी तापत होते, अजून चार-दोन घाट चढला असता तर पिस्टनला भोक पडले असते. शिवाय इंधनाचा फिल्टर गच्च भरलेला. इथेनॉल जुन्या टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवते आणि ती सगळी फिल्टरमध्ये येऊन बसते.

त्याने समजूत अशी करून घेतली की पंपावरचा माल खराब, कारखान्याचा शुद्ध असेल. म्हणून तो कॅन. खरे तर माल चोख होता, गाडी त्या मालाची नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याचे वडील माझ्या घरी आले. त्यांना मी आबा म्हणतो. आडसालीला एकरी ऐंशी टनाच्या आसपास काढणारा माणूस, कधी कोणाच्या दारात न जाणारा. चहा घेता घेता म्हणाले, "साहेब, पोरगा म्हणतोय की पुण्याला एक वर्कशॉप आहे, ते गाडी इथेनॉलची करून देतंय. ऐंशी हजार सांगितलेत. आता ऊसबिलाचा हप्ता जमा झालाय. सोसायटीचं कर्ज भागवायचं का ह्याला द्यायचं, तुम्हीच सांगा. तो माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

मी ऊस विकास अधिकारी, मोटारींचा नाही. पण आबांनी विश्वासाने विचारले, म्हणून मी फोरमनला बोलावून घेतले. ऐंशी हजारांत काय काय होणार ते कागदावर मांडले. ते तुम्हालाही कळावे, कारण असे पोरगे आज बऱ्याच घरांत आहे.

पहिले म्हणजे इंजेक्टर. निव्वळ इथेनॉलवर इंजिनाला पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट माप लागते. जुन्या इंजेक्टरच्या भोकातून तेवढे जात नाही. गाडीचा कॉम्प्युटर थोडेफार सांभाळून घेतो, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे घाटातला पिवळा दिवा. म्हणून मोठे इंजेक्टर, आणि त्यांना पुरवठा करणारा मोठा पंप. दुसरे, नळ्या, सील आणि टाकीतले भाग. इथेनॉल काही जातीचे रबर फुगवते किंवा कडक करते, जस्त आणि ॲल्युमिनियमला खाते. तिसरे, इंधनातले इथेनॉलचे प्रमाण सांगणारा सेन्सर. तो इंधनाचा विद्युत गुणधर्म मोजतो आणि कॉम्प्युटरला सांगतो की आज टाकीत वीस टक्के आहे की पंच्याऐंशी. चौथे, त्या कॉम्प्युटरची नवी मांडणी, म्हणजे किती फवारायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची. हे काम जाणकाराचे. यात चुकले की बाकी सगळे मातीमोल. आणि हे सगळे नीट झाले तरी आर.सी. बुकावर इंधनाचा बदल नोंदवावा लागतो. मंजूर नसलेल्या बदलावर आर.टी.ओ. हरकत घेणार, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार.

गारठ्याचाही प्रश्न आहे. इथेनॉल थंडीत सहजासहजी पेटत नाही. ब्राझीलच्या गाड्यांत पूर्वी यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे, सकाळी सुरू करताना तेवढ्यापुरते पेट्रोल द्यायचे. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्रास झाला असता, इतर वेळी नाही.

पोरगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "ब्राझीलमध्ये तर सगळ्या गाड्या इथेनॉलवर आहेत. तिथं जमतंय ते इथं का नाही?"

प्रश्न बरोबर होता. ब्राझीलची हकिगत मी मुद्दाम वाचून ठेवली होती. १९७३ ला खनिज तेल महागले आणि साखरेचे भाव पुढे पडले, तेव्हा नोव्हेंबर १९७५ मध्ये तिथल्या सरकारने उसापासून अल्कोहोलचा मोठा कार्यक्रम काढला. १९७९ साली फियाट १४७ ही निव्वळ अल्कोहोलवरची गाडी बाजारात आली. तिकडे पंपावर मिळते ते साधारण ९५ टक्क्यांचे, म्हणजे पाण्याचा अंश असलेले अल्कोहोल. आपल्याकडे पेट्रोलमध्ये मिसळायला जे लागते ते पाणी जवळजवळ पूर्ण काढलेले. हा फरक महत्त्वाचा. पुष्कळ पेट्रोलमध्ये थोडेसे पाणीदार स्पिरिट मिसळले तर पाणी अल्कोहोलला बरोबर घेऊन तळाशी बसते आणि वर पेट्रोल राहते. गाडी तळाचे ओढते आणि बंद पडते. म्हणूनच आपल्या डिस्टिलरीत ते पाणी शोषणारे जाळीचे मोठे टाके बसवले आहेत.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊ अल्कोहोलच्या होत्या. आणि मग १९८९ उजाडले. साखरेचे भाव चढले, अल्कोहोल कमी पडले, पंपांवर रांगा लागल्या. ज्यांची गाडी फक्त अल्कोहोलची होती ते रस्त्यावर उभे राहिले. लोकांचा विश्वास असा उडाला की पुढची दहा-बारा वर्षे ती गाडी कोणी घेईना. २००३ साली दोन्ही इंधने कुठल्याही प्रमाणात चालणारी फोक्सवॅगन गोल ही गाडी आली तेव्हा कुठे गाडे रुळावर आले. आज तिथले साधे पेट्रोलही ३० टक्के इथेनॉलचे आहे, ऑगस्ट २०२५ पासून.

आपल्यालाही याची चव मिळाली आहे. २०२३ साली पाऊस कमी झाला, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. पुढे आठवड्याभरात थोडी सूट दिली, आणि बंधने पुरती उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. आपला टाक्यांतला रस आणि वार्षिक सभेतल्या चर्चा आठवत असतीलच. ज्या इंधनाचा पुरवठा पावसावर आणि साखरेच्या भावावर अवलंबून, त्या एकाच इंधनावर गाडी बांधून ठेवणे धोक्याचे. करायचेच तर दोन्हींवर चालणारी करावी. फोरमनने सेन्सरचा खर्च कागदावर ठेवला तो याच कारणाने, आणि वर्कशॉपवाल्याच्या ऐंशी हजारांत नेमका तोच नव्हता.

शर्यतीच्या गाडीला हा प्रश्न येत नाही, हेही सांगायला हवे. तिथे इंधन टँकरने मैदानावर येते, प्रत्येक पिंपाची तपासणी होते, इंजिन ठरावीक मैलांनंतर उघडून पाहतात. आपल्या देशातही वेगवान वाहनाचा प्रयोग झालेला आहे. जुलै २०१९ मध्ये टी.व्ही.एस. कंपनीने अपाची ही मोटारसायकल निव्वळ इथेनॉलवर चालणारी म्हणून आणली, महाराष्ट्रातही ती विक्रीला होती. गाडी आली, पण तेव्हा इथेनॉलचा पंप कुठे होता? पंप आले ते पुढे काही वर्षांनी.

आता थोडे मनातले. आबा निघताना म्हणाले, "साहेब, एक विचारू? आमच्या उसाचं इथेनॉल पेट्रोलात घालताय, आणि आमच्याच मोटारसायकलीचं ॲव्हरेज पडलंय म्हणून पोरं आम्हालाच शिव्या देतात. खरं काय?"

याला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. माझी स्वतःची मोटारसायकल २०१४ ची आहे. गेल्या वर्षी तिची इंधनाची रबरी नळी कडक होऊन तडकली आणि पेट्रोल ठिबकू लागले. मेकॅनिकने नळी आणि सील बदलले, चारशे रुपये घेतले. ॲव्हरेजही मी टाकी फुल करून दोनदा मोजले, आधी बावन्न पडत असे ते पन्नासावर आले. सरकारी आराखड्यातही २०२१ साली लिहून ठेवलेच होते की, वीस टक्क्यांवर जुन्या मोटारसायकलींचे इंधन तीन-चार टक्के जास्त जाईल, जुन्या मोटारींचे सहा-सात टक्के, आणि नव्या जुळवलेल्या मोटारींचे एक-दोन टक्के. ही गोष्ट पंपावर फळा लावून आधीच सांगितली असती तर निम्म्या शिव्या वाचल्या असत्या. नळ्या जुन्या असतील तर बदलून घ्या, फिल्टर पाहून घ्या, आणि पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून महिनोन्‌महिने गाडी उभी करू नका, आत ओल धरते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या जुन्या पेट्रोल पंपांनाही हेच लागू.

पण इथेनॉल नको असे म्हणणाऱ्यांत मी नाही. २०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी दीड टक्का होते, ते २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. या मधल्या वर्षांत आपल्यासारख्या कारखान्यांना पैसा लवकर हाती आला, साखर गोदामात पडून व्याज खात बसली नाही. अर्थात आता त्या वीस टक्क्यांत मका आणि धान्याचा वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे, हेही डोळ्याआड करून चालणार नाही.

हिशेब मांडायची खोड आहे म्हणून तोही मांडतो. एक टन उसाचा सगळा रस इथेनॉलला दिला तर साधारण ७० लिटर मिळते. इंडियानापोलिसच्या गाडीची ८३ लिटरची टाकी भरायला सव्वा टनाहून थोडा कमी ऊस लागेल, म्हणजे एक-दीड गुंठ्यांतला. पण साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून काढायचे तर टनामागे दहा-अकरा लिटरच मिळते. मग तीच टाकी भरायला आठ टन उसाची मळी हवी, मात्र साखर वेगळी मिळालेली असते. कुठला मार्ग कधी परवडतो ते साखरेच्या आणि इथेनॉलच्या दरावर ठरते, त्याची चर्चा संचालक मंडळ करते. सभासदाने बघायचे ते एवढेच की, एकरी टनेज आणि उतारा त्याच्या हातात आहे. इथेनॉलच्या भरवशावर पाणी नसलेल्या माळावर ऊस लावू नका. विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नसेल तर तिथे ठिबक असली तरी आडसाली घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगतो, मग लागणीची नोंद कमी झाली तरी चालेल.

आबांना मी काय सांगितले ते राहिले. मी म्हटलं, "आबा, आधी सोसायटी भागवा. पोरगा शिकलेला आहे, त्याचा हात चांगला आहे. पण रोज वापरायची गाडी आणि प्रयोगाची गाडी एक नसावी. त्याला करायचंच असेल तर भंगारातलं एखादं इंजिन घेऊ द्या, स्टँडवर बांधून चालवू द्या. मोडलं तर इंजिन मोडेल, घाटात माणूस मोडणार नाही." आबांनी मान हलवली. पोरगा काही न बोलता उठून गेला, आणि दोन महिने त्याने मला रस्त्यात पाहिले तरी मान वळवली.

परवा मात्र गट ऑफिसात आला. हातात कॅन नव्हता, एक छोटी काचेची बाटली होती. घाटातल्या प्रकारानंतर गाडीच्या टाकीतून काढलेले इंधन त्याने जपून ठेवले होते. म्हणाला, "साहेब, यात इथेनॉल किती टक्के आहे ते तपासून मिळेल का?" मी त्याला केमिस्टसाहेबांकडे पाठवले. त्यांनी मोजनळीत थोडे इंधन घेतले, तेवढेच मिठाचे पाणी घातले, हलवून ठेवले आणि पाण्याचा थर किती वाढला ते त्याला स्वतःला वाचायला लावले. पोरगा तासभर तिथेच होता. आबांनी त्याला जुन्या मोटारसायकलीचे एक इंजिन घेऊन दिल्याचे नंतर कळले. ते गोठ्यामागे लाकडी घोडीवर बसवले आहे म्हणतात. अजून सुरू झालेले नाही.

गळीत हंगाम संपल्यावर डिस्टिलरीची साफसफाई होते, तेव्हा आसवनी आणि पाणी काढण्याचा विभाग आतून पाहता येईल, असे केमिस्टसाहेबांनी कबूल केले आहे. सभासदांच्या शिकत्या मुला-मुलींपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. एका वेळी वीसच जणांना नेता येईल. विडी-काडी आणि मोबाईल गेटवर ठेवावे लागतील.

निळा वीस लिटरचा कॅन अजून आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत आहे. ज्याचा आहे त्याने न्यावा.

– ऊस विकास अधिकारी